न फाटलेला भाता

हा लेख लिहायचा नाही असे मी ठरवले होते. गेल्या आठवड्यातल्या एका वाक्याने तो लिहायला लावला. पूरबचावाच्या भांडारात मी नवे भांडारप्रमुख श्री. सूर्यवंशी यांना विचारले, "मोठ्या बोटीचा भाता बदलला का?" ते म्हणाले, "मॅडम, अजून फाटला नाही. फाटला की बदलू." तेव्हापासून माझे कशात लक्ष नाही. ज्येष्ठ लागला आहे, वर केव्हाही धरणाचे दरवाजे उघडतील, आणि आमच्या बोटींची इंजिने सांभाळणारे किशनराव मिस्त्री पंचाहत्तर वर्षांचे झाले आहेत.

ज्यांना ही बोट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तिचे इंजिन आत असते आणि पंख्याचा पाय मागे बाहेर. दोहोंना जोडणारा दांडा बोटीच्या मागच्या भिंतीतल्या भोकातून जातो. त्या भोकातून पाणी आत येऊ नये म्हणून दांड्यावर पेटीच्या भात्यासारखे घड्यांचे रबर बसवलेले असते. तेवढेच रबर, म्हणजे भाता, नदी बाहेर ठेवते. धुराची नळी आणि गिअरची तार यांनाही असेच लहान भाते असतात.

किशनरावांची आणि माझी पहिली भेट दसऱ्याची. मी तेव्हा नांदेडच्या भांडाराची प्रमुख होते. ते लातूरहून इंजिन पाहायला आले होते. आम्ही पूजेसाठी बोट धुतली होती, पंख्याला झेंडू बांधता यावा म्हणून पाय वर उचललेला होता आणि भाता चमकावा म्हणून त्याला करडईचे तेल चोळले होते. किशनरावांनी हातही जोडले नाहीत.

"तेल कोणी लावलं?"

"मी लावायला सांगितलं."

"बाई, रबर हाय का लोणच्याची फोड? तेलानं फुगतंय, सडतंय. आन् पाय कवापासून वर हाय?"

"गेल्या दसऱ्याच्या पूजेपासून. यंदा पूर नव्हता, बोट निघालीच नाही."

"म्हंजे वरीसभर त्याला ताणून ठिवलाव. तुमाला कोणी वरीसभर हात वर करून हुभं केलं तर?"

माणसे हसली. मी हसले नाही. त्यांनी खिशातून दाढीचा आरसा काढला, पाय एका बाजूला पूर्ण वळवला आणि घडीच्या आत धरला. वरून काळेभोर दिसणारे रबर आत केसाएवढ्या रेघांनी भरले होते. "वरून बगू नका. घडी उघडून बगा," ते म्हणाले. त्या वर्षापासून आमच्याकडे भात्याची तपासणी आधी आणि पूजा नंतर, आणि आरती झाली की पाय खाली, असा नियम झाला.

त्यांचे बाकीचे नियमही थोडेच आहेत. पावसाळ्याआधी एकदा आणि पूर ओसरल्यावर एकदा घड्या पाहायच्या. वळताना मागून घरघर आली किंवा भात्याच्या आत तांबूस पाणी सापडले, तर बोट त्याच दिवशी बाहेर काढायची. आणि तिसऱ्या वर्षी भाता कितीही चांगला दिसो, बदलायचा. काढलेला भाता ते जागीच सुरीने कापतात, म्हणजे कोणी काटकसरी माणूस तो पुन्हा बसवणार नाही.

तो काटकसरी माणूस मी होते. एका तिसऱ्या वर्षी त्यांनी नवा भाता मागितला. मी आरसा न घेताच पाहिले आणि शेरा लिहिला, "सुस्थितीत. बदलण्याची आवश्यकता नाही." त्या श्रावणात उमरीकडच्या एका गावातून बायका-लेकरे घेऊन परतताना मध्यधारेत भाता फाटला. किशनराव बोटीवर होते. त्यांनी स्वतःचे धोतर भोकात कोंबले, बायकांच्या हाती घागरी दिल्या आणि "उपसा, माय, थांबू नका" असे ओरडत बोट काठाला आणली. सगळे वाचले.

चौकशीत त्यांना विचारले, भाता का बदलला नव्हता. ते म्हणाले, "तपासाया मी कमी पडलो साहेब." माझा शेरा किशनरावांच्या हातातल्याच फायलीत होता. मी समोर बसले होते आणि गप्प राहिले. बाहेर आल्यावर मी काही बोलणार तोच ते म्हणाले, "बाई, नवीन भाता कवा देताव?" त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही आज पहिल्यांदाच काढते आहे. सूर्यवंशींच्या वाक्यात मला माझा शेरा ऐकू आला, म्हणून.

त्यांच्या पंचाहत्तरीसाठी नेमलेल्या गौरव समितीने शालीचे विचारले तेव्हा किशनराव म्हणाले, "शाल घिऊन काय करू या उन्हाळ्यात? भाते आणा." भाते आले. आज सकाळी सूर्यवंशींनी बोटीचा पाय उतरवला आणि किशनरावांनी खुर्चीवर बसून जुना भाता मागितला. त्यांना आता रेघा दिसत नाहीत. त्यांनी घडी बोटांनी उलटी केली आणि सूर्यवंशींपुढे धरली. सूर्यवंशींनी आतल्या रेघांवरून बोट फिरवले. मग त्यांनीच सुरी मागितली.

किशनरावांचे हातपाय असेच चालते राहोत, त्यांना भरपूर आयुष्य मिळो, आणि त्यातल्या एकाही पावसाळ्यात त्यांना बोटीची काळजी करावी न लागो.

आज भांडारात सुपूर्द केले ते असे:
दांड्याचा नवा भाता, एक, जागेवर बसवून.
धुराच्या नळीचा व गिअरच्या तारेचा नवा भाता, प्रत्येकी एक, बसवून.
किशनरावांचा दाढीचा आरसा, एक.
जुना भाता, कापलेला, दोन तुकडे.
माझ्या शेऱ्याची नक्कल, एक, भिंतीवर लावण्यासाठी.