टोल्याने मतं विकली नव्हती

आपल्या या फिरत्या वहीत मागच्या खेपेला मी निवडणुकीबद्दल दोन पानं लिहिली होती. त्यात गावाबाहेरच्या गोंड वस्तीबद्दल 'गोंडटोल्याने एकेका लुगड्यासाठी मतं विकली' असं एक वाक्य आहे... ते खोटं आहे. मैत्रिणींनो, वही तुमच्याकडे येईल तेव्हा त्या पानाआधी हे वाचा.

ते पान फाडून टाकावं असं फार वाटलं. पण चौथीपर्यंत बाबांनीच मला घरी शिकवलं, आणि चुकलेलं लपवायचं नाही, खाली दुरुस्ती लिहायची, असा त्यांचा नियम होता.

तर झालं असं... निकालाच्या दिवशी आंजीच्या रस्त्याने गुलाल उधळत ट्रॅक्टर आले. इथल्या जुन्या जमीनदारांचे, मालगुजारांचे पुतणे निवडून आले होते. ज्याने त्याने आपापल्या जागी राहावं, हीच आपली रीत, असं भाषणात सांगणारे.

आमच्या ओसरीवर लाल झेंड्याची माणसं बसली होती. चहा निवून गेला तरी कुणी कपाला हात लावला नाही.

मग कुणीतरी म्हणालं, "टोल्यात लुगडी वाटली ना त्यायनं. तिथंच गेलं आपलं." झालं... सगळ्या पराभवाला एक पत्ता मिळाला. ज्यांच्या मजुरीसाठी बाबा इतकी वर्षं भांडले, त्यांनाच "हे लोक कधी सुधरत नाईत" असं आमच्याच ओसरीवर म्हटलं गेलं, आणि मी मान डोलावली.

त्याच बैठकीत सोनाबाईला मजूर समितीतून काढलं. टोल्यातली ती एकटीच बाई समितीत होती, मालकांसमोर न घाबरता बोलायची. तिला बोलावून एकदा विचारावं, असं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

चार दिवसांनी काका जेवताना मतमोजणीची हकिकत सांगत होते. आमच्या बाजूने ते वर्ध्याला मोजणीला बसले होते. "बाद मतांत एक गंमत पाह्यली," ते म्हणाले, "आपल्याच चिन्हावर जांभळे अंगठे! शिक्का सोडून अंगठा उठवला बहाद्दरांनी." सगळे हसले.

मी ताटावरून उठले. ते अंगठे कुणाचे, ते मला कळलं होतं...

टोल्यातल्या बायांचा दुपारचा वर्ग मी घेते. मत कसं द्यायचं तेही मीच शिकवलं होतं. कागदावर चिन्हं काढली, बाबांचं शाईचं पॅड नेलं, आणि म्हटलं, आपल्या चिन्हावर अंगठा उठवा.

शिक्का असतो हे मी ऐकून होते. पण तलाठ्याकडे सहीऐवजी अंगठा चालतो, तसा तिथेही चालत असेल असं धरून चालले. अंगठ्याचं मत बाद होतं हे मला माहीतच नव्हतं! मत द्यायला एकवीस पूर्ण लागतात, मला अजून वर्ष आहे, मतदानाची खोली मी आतून पाहिलेलीसुद्धा नाही... आणि शिकवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच टोल्यावर गेले. सोनाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. ती 'बस' म्हणाली नाही.

मी विचारलं, मत कसं दिलं होतं?

"तू सांगतलं तसंच. तिथल्या बाबूनं पहिले त्याच्या कागदावर अंगठा घेतला. शाई होतीच, मंग तोच आपल्या चिन्नावर देल्ला."

"आणि शिक्का?"

"शिक्का साहेबाचा असते माय. आपला तं अंगठाच."

लुगड्याचं विचारायला जीभ रेटत नव्हती, पण विचारलं.

"घेतलं ना! काऊन नाई घ्यायचं? लुगडं आंगावर, मत मनात."

मग मी खरं काय ते सांगितलं. तिने हातातली फुलं खाली ठेवली... "म्हंजे आमचं मोजलंच नाई?"

माझ्याकडे न बघताच पुढे म्हणाली, "शिकवनारी चुकली, अन् नाव आमचं गेलं. हे तू मले इथं सांगून राह्यली. जिथं मले काढलं, तिथं सांगशीन का?"

आधी बाबांशी बोलते, एवढंच मी म्हणाले.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "निकाल तर बदलत नाही बेटा. सोनाबाईला पुढच्या वर्षी घेऊ परत. आत्ता भर सभेत हे काढलं, तर मालगुजारांचे लोक आपल्यालाच हसतील." बाबांचा एवढा राग मला कधी आला नव्हता... आणि तेवढीच त्यांची कीवही आली. फार थकलेत ते.

त्यांचं म्हणणं खरंच आहे. टोल्याच्या मतांनी निकाल बदलला नसता, मालगुजारांचे पुतणे खूप पुढे होते. पण हरल्याचं दुःख मला आता तितकंसं उरलेलं नाही. हरल्यावर आम्ही किती पटकन मालगुजारांसारखे बोलायला लागलो, ते जास्त लागतंय.

इथे लिहून माझं ओझं हलकं होईल असं वाटलं होतं. नाही झालं... ही वही तुम्ही सहाजणी वाचाल. टोल्यात ती कुणालाच वाचता येत नाही.

म्हणून आज पुन्हा टोल्यावर जाऊन आले. सोनाबाईला सभेला यायला सांगितलं. "पाह्यतो," एवढंच म्हणाली. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

समितीची सभा बाजाराच्या दिवशी असते. येत्या शुक्रवारी, दुपारी चार वाजता, सगळ्यांसमोर उभी राहून मी सांगणार आहे की टोल्याने मतं आपल्यालाच दिली होती, ती बाद माझ्यामुळे झाली.