दुसऱ्याच्या दोराला हात

“अहो, पण आत्ता भरती आहे. पाणी उतरलं की दोर पुरायला नको?”

“आता तू मला शिकवणार? जा, कांदे चीर.”

“कांदे चिरून झाले. दोर जरा सैल सोडा म्हणतेय,” जाऊबाई म्हणाल्या.

“सोडलाय!” भाऊजी ओरडले. शेजारच्या बोटींतली माणसं एकदम आपापल्या टोप्या-चपला शोधायला लागली.

पुढचा-मागचा कुठलाच दोर सैल नव्हता. धक्क्यावरच्या लोखंडी कड्यांपासून बोटीपर्यंत दोन्ही तारेसारखे ताठ होते. हे मलाही दिसत होतं, आणि मी तर वर्षातून एकदा या बोटीवर पाहुणी म्हणून येणारी धाकटी जाऊ. आमच्या ह्यांनी आकाशाकडे पाहिलं. थोरला भाऊ चिडला की ह्यांना नेहमी आकाशच दिसतं.

बोटवाल्यांचा एक नियम आहे. एकमेकांना मीठ द्यावं, डिझेल द्यावं, सल्ला तर न मागता द्यावा, पण दुसऱ्याच्या दोराला हात लावायचा नाही. कुणाची बोट पुन्हा बांधून देणं म्हणजे चारचौघांत त्याच्या शर्टाची बटणं लावून देण्यासारखं. त्यामुळे सगळ्यांनी ते दोर पाहिले आणि सगळे गाव बघायला निघाले.

जाऊबाईंची सारी नोकरी दवाखान्यात, औषधं द्यायच्या खिडकीत गेली. आधी चिठ्ठी वाचायची, मग समोरच्याचा चेहरा, मग पुन्हा चिठ्ठी. पोहता येत नाही. भाऊजी कारखान्यातून निवृत्त झाले आणि ही जुनी बोट घेऊन आले, तेव्हा बाईंनी एवढंच विचारलं होतं, “हिला संडास आहे ना?” पुढे संथ पाण्यात भाऊजी डुलकी काढत तेव्हा सुकाणू त्याच धरत, पण ते कुणी कामात धरत नसे. या वर्षी मात्र जाऊबाई पाण्यापेक्षा भाऊजींकडे जास्त बघत होत्या. भाऊजींनी चहात दुसऱ्यांदा साखर घातली की न बोलता कप बदलत.

गाव खरंच देखणं होतं. दातांचे डॉक्टर नकाशा धरून पुढे चालले होते. सफरीतल्या प्रत्येक मुक्कामी त्यांची बोट आमच्या शेजारी असायची. जुनी जकातीची कचेरी, तिच्या दारातला माणसाएवढा तराजू, दोर वळायची लांबलचक गल्ली, गोदामांच्या माथ्यावर गंजलेल्या कप्प्या. सगळे माना वर करून कोरीव सज्जे बघत होते. जाऊबाई खाली बघत होत्या. प्रत्येक बोळाच्या टोकाला पाण्याचा एक तुकडा दिसायचा आणि त्या तिथे थांबायच्या. धक्क्याच्या भिंतीवरचा ओला हिरवा पट्टा दर बोळागणिक रुंद होत होता.

“वहिनी, आपण दोघी परत जाऊया का? दोर सैल करून येऊ,” मी हळूच म्हटलं.

“आणि त्यांना काय सांगू?” त्यांनी चष्मा काढला, पुसला. तो स्वच्छच होता. “बांधता येईनासं झालंय तुम्हाला, असं?”

मी त्यांच्याबरोबर पुढे चालायला लागले.

घड्याळाच्या मनोऱ्यापाशी पोचलो तर भाऊजी नव्हते.

“हाक मारू नकोस,” जाऊबाईंनी माझं मनगट गच्च धरलं. “कुणाला कळायला नको. असतील इथेच.”

त्या गावात चुकणं अवघड होतं. प्रत्येक गल्ली उताराची, प्रत्येक उतार पाण्याकडे. आम्ही खाली दोन गल्ल्या पाहिल्या. मग जाऊबाई थबकल्या आणि उलट चढाला लागल्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

भाऊजी अगदी वरच्या टोकाला सापडले. कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईला विचारत होते, “धक्का कुठं आला हो?” ती ओल्या हाताने खाली दाखवत होती. समोर अख्खं बंदर पसरलं होतं. भाऊजी त्याच्याकडेच बघत होते.

आम्हाला पाहून म्हणाले, “किती हा उशीर! केव्हाचा थांबलोय मी.”

“चुकलंच,” जाऊबाई म्हणाल्या. “चला.” त्यांनी भाऊजींचा हात धरला. भाऊजींचा शर्ट पाठीला घामाने चिकटला होता.

धक्क्यावर गर्दी होती. पाणी खूप खाली गेलं होतं आणि आमची बोट दोरांवर तिरपी टांगली गेली होती. आत काहीतरी घरंगळलं, मग फुटल्याचा आवाज आला. गाठी आवळून दगड झाल्या होत्या. डॉक्टरांनी आणि आमच्या ह्यांनी आधी दुसरे लांब दोर अडकवले, मग सुरीने जुने कापले. बोट धाडकन पाण्यावर आदळली, कलली, सावरली.

“आत कुणी असतं तर?” मागून कुणीतरी म्हणालं.

भाऊजींनी कापलेल्या दोराचा तुकडा उचलला. “कुणी आवळले एवढे?” ते जाऊबाईंकडे वळले. “तू बांधलेस ना?”

सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले.

“हो, मीच,” जाऊबाई म्हणाल्या.

नंतर भाऊजी आत गेल्यावर डॉक्टर जवळ आले. “वहिनी, मी सकाळीच पाहिलं होतं. मागच्या दोन सफरींतही. म्हणून तर तुमच्या शेजारी बोट लावतो. पण दोराला हात कसा लावणार?”

जाऊबाईंचा चेहरा उतरला. सगळे आपल्याच मनाचे खेळ असतील, अशी आशा त्यांनी आतापर्यंत कुठेतरी धरून ठेवली असणार.

अर्ध्या बशा फुटल्या होत्या. संध्याकाळी आम्ही चौघं दोन बशांत जेवायला बसलो.

“उद्या लवकर निघू,” भाऊजी उत्साहाने म्हणाले. “बंदराच्या तोंडाशी खडक आहेत. ते डाव्या हाताला ठेवायचे.” ते थांबले. “का उजव्या?” आणि हसले.

आमच्या ह्यांनी वर पाहिलं, पण तिथे छत होतं.

जाऊबाईंनी डाव खाली ठेवला.

“उद्या बोट मी चालवणार आहे,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरांच्या बोटीच्या मागोमाग. तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. आणि घरी पोचलो की आपण दोघं डॉक्टरकडे जाणार आहोत. दातांच्या नव्हे.”