सेक्टर सहामधली चंपतची तार

चंपत बिसेनचे वडील आमगावकडची शेती भावांवर सोपवून भिलाईच्या कारखान्यात लागले. चंपतला प्लांटात नोकरी मिळाली नाही, म्हणून त्यानं सेक्टर सहामध्ये केबल सुरू केली. घराच्या गच्चीवर डिशची मोठी छत्री, आणि तिथून झाडाझाडांवरून घरोघर गेलेली काळी तार.

प्लांटच्या गावात सेकंड शिफ्टवाले दुपारी दोनला निघत, ते रात्री दहानंतर परतत. संध्याकाळच्या मालिका त्यांच्या हुकत. चंपत त्या टेपवर भरून ठेवी आणि सकाळी आपल्या लोकल चॅनलवर पुन्हा लावी. एखादा भाग तरीही चुकला, तर लोक त्याला बाजारात अडवून सांगत. तो दुसऱ्या दिवशी तोच भाग दाखवी. गणपतीत मराठी मंडळाचं नाटकही असंच सकाळी दिसे. त्यात काम केलेली माणसं स्वतःला पाहायला हमखास सुट्टी टाकत.

मग घरोघर इंटरनेट आलं. मुलांनी टीव्ही बदलले. हवी ती मालिका हवी तेव्हा दिसू लागली आणि चंपतचं एकेक घर सुटत गेलं. शेवटी साऱ्या सेक्टरात आमच्या ओळीतलं सिंधुताई पटलेंचं घर तेवढं उरलं. त्यांनी नाही म्हटलं की तार गुंडाळायची, असं चंपतनं ठरवलं होतं. ते सगळ्यांना ठाऊक होतं, सिंधुताईंनाही.

त्यांच्या मुलानं, सुजयनं, दिवाळीत पुण्याहून येऊन इंटरनेटवरचा नवा टीव्ही लावून दिला होता. तरी सिंधुताईंनी केबल काढू दिली नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी चंपत त्यांच्या दारात आला. सिंधुताई आत गॅसवर भात ठेवून भाजी चिरत होत्या.

"काकू, चित्र कसं आहे?" त्यानं विचारलं.

"आरशासारखं आहे, बाप्पा. आताच तर पाहून राहिली होती."

"तार तर तुटून निंबावर लटकून राहिली, काकू. परवाच्या वादळापासून."

सिंधुताईंची विळी थांबली. "मग माह्या टीव्हीत जादू असन," त्या म्हणाल्या.

"कावून खोटं बोलता जी? सांगाचं ना मले."

"काय सांगू तुले? माह्या एका घरापायी तू सारं मांडून बसला. मी नाही म्हटलं असतं, तर उद्याच गुंडाळलं असतं."

"अन् मी तुमच्यासाठी बसलो होतो. म्हटलं, काकूले ते नवं चालवता येत नाही."

"येते. काल पाहता पाहता भात करपला."

चंपत हसला आणि आत येऊन बसला. सिंधुताईंनी त्याला मालिका लावून दाखवली, मध्येच थांबवूनही दाखवली. त्यानं चित्र पारखून पाहिलं. "साफ आहे," तो म्हणाला.

"साफ आहे," सिंधुताई म्हणाल्या. "पण तू सकाळी लावाचा, तवा आमचे हे होते, संग बसाचे. चहा पेत पेत पाहो आमी. आता कवाही लागते, तर पाहाले मी एकटीच."

चंपत उठला. त्यानं शिडी मागितली. तार जोडायला निघाला, असं सिंधुताईंना वाटलं. पण तो त्यांच्या भिंतीवरचे तारेचे खिळे काढू लागला.

"जोडत नाही का, चंपत?"

"नाही जी. बस झालं आता."

सिंधुताईंनी गॅस बंद केला आणि बाहेर येऊन शिडी दोन्ही हातांनी धरली. तो तार सोडवत खाली येईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.

"सावकाश उतर," त्या म्हणाल्या.