जयवंताबाईंची चढवलेली चार वर्षं

नारायणगुड्याच्या शाळेत जयवंताबाईंनी अडतीस वर्षं गणित शिकवलं. वडील गेले तेव्हा त्या सोळाच्या. नोकरीला अठरा लागत. कागदावर दोन वर्षं चढवली असती तरी भागलं असतं, पण काकांनी खात्रीला म्हणून चार चढवली. घरात वाढदिवस रथसप्तमीला व्हायचा, आकडा कोणी मोजत नसे. मुलगा हर्षवर्धनही आधारकार्डावरचंच वय खरं धरून चालला.

आता बाईंच्या आतड्यात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी ऑपरेशन नको, गोळ्या देऊ, असं हर्षवर्धनला आठ दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. आईला त्रास नको म्हणून तो गप्प राहिला. आज डॉक्टरांच्या खोलीत फाईल चाळताना बाईंच्या हाती एक कागद लागला. एकाखाली एक आडव्या पट्ट्या: वय, गाठीचा आकार, रक्ताचा रिपोर्ट. प्रत्येकीवरून वर उभी रेघ, रेघेला गुण, गुणांची बेरीज. शेवटच्या पट्टीवर पाच वर्षं जगण्याची शक्यता: शेकडा सेहेचाळीस.

डॉक्टर समजावू लागले, तेही मुलाकडे बघून. पन्नासच्या आत आलं तर इथे एवढं मोठं ऑपरेशन करत नाहीत, यांना आठ दिवसांपूर्वीच सांगितलंय.

"बेटे से नक्को, मेरे से बोलो," बाई म्हणाल्या.

मग पर्समधली छोटी फूटपट्टी काढून त्यांनी वयाच्या शहात्तरावरची रेघ खोडली आणि बहात्तरावरून नवी ओढली. बेरीज पुन्हा केली. शेवटच्या पट्टीवर आता त्रेपन्न. काकांची करामत त्यांनी दोन वाक्यांत सांगितली. डॉक्टरांनी आकडे तपासले, मान डोलावली. गुरुवारी ऑपरेशन करू, अम्मा.

हर्षवर्धन सुटकेचा निःश्वास टाकून हसला. बाईंचा पारा आणखीच चढला.

"म्हणजे मी आता जगण्यालायक झाले? आणि जी खरंच शहात्तरची असेल, ती?"

डॉक्टर म्हणाले, तक्ता फक्त अंदाज सांगतो. पन्नासचा नियम आमच्या विभागाचा.

"मग तसं सांगायचं तिला, तोंडावर. कागदाच्या आड लपायचं नाही. तिला काय हवं तेही विचारायचं."

डॉक्टरांनी संमतीपत्र तिच्यापुढे नव्हे, बाईंच्या पुढे सरकवलं. त्यांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, सही केली.

उठताना मुलाने हात पुढे केला.

"आठ दिवस, हर्षा," त्या म्हणाल्या. टेबलाची कड धरून एकट्याच उठल्या.