निंबा मिस्त्रीची फुंकणी

निंबा मिस्त्रीने आयुष्यात एकच हट्ट धरला आणि त्यापायी अर्ज लिहिता लिहिता माझे केस पांढरे झाले. मी शाळामास्तर. मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. पण आमच्या शनवारा मोहल्ल्यात अक्षर बरं ते माझंच, म्हणून ही बला माझ्या गळ्यात पडली.

झालं असं. संस्थानं विलीन होत होती तेव्हा एका चिमुकल्या संस्थानाच्या मालमत्तेच्या दोन याद्या झाल्या. एक सरकारी, एक राजेसाहेबांची खाजगी. राजेसाहेबांची लांबलचक विलायती मोटार सरकारी यादीत गेली. तिच्या इंजिनात जोराने हवा कोंबणारं एक यंत्र होतं. ते मागाहून वेगळ्या बिलावर आलेलं, म्हणून कुणा कारकुनाने ते खाजगी ठरवलं, खोलून काढवलं आणि राजेसाहेबांकडे पोचतं केलं. उरलेली मोटार लिलावात आमच्या चुडामणशेठनी घेतली. शेठ केळीचे आडते. त्यांना गाडीची लांबी आवडली.

गाडी चाले, पण कशी! असीरगडच्या घाटात सगळ्यांनी खाली उतरायचं, शेठनीसुद्धा, आणि रिकाम्या गाडीशेजारून गप्पा मारत चढ चढायचा. सपाटीवर पोस्टमन सायकलवरून पुढे निघून जाई आणि वळणावर थांबून शेठचं टपाल त्यांच्या हातात देई.

निंबाने इंजिन उघडलं आणि दुसऱ्याच दिवशी रोग सांगितला. "शेठ, हिचे पिस्टन ठेंगणे आहेत. मुद्दाम ठेंगणे केलेत. फुंकणी हवा कोंबणार, म्हणून पिस्टननं कमी दाबायचं. आता फुंकणी गेली, अन् पिस्टन अजून तिची वाट पाहू राह्यले."

"मग इंजिनाचं डोकं घासून घे ना," शेठ म्हणाले. "खंडव्याचा मिस्त्री म्हणतो, दाब वाढेल."

"आज घासलं अन् उद्या फुंकणी आली, तर इंजिन फुटेल ना! फुंकणी येईल. पक्की येईल. भरली गाडी घाट चढल्याबिगर मी दुकानाला पाटी लावणार नाही."

पाटी रंगवून तयार होती. त्याने ती भिंतीकडे तोंड करून उभी केली. गावाला तेवढंच पाहिजे होतं. येणारा-जाणारा विचारी, "काय मिस्त्री, पाटीला कशाची शिक्षा केली?" त्याची बायको गोदाबाई लोकांची तोंडं चुकवायला लांबच्या वाटेने पाण्याला जाऊ लागली. ते मात्र मला फार लागलं. मी दौत काढली.

पहिला अर्ज एकोणपन्नास साली गेला. ज्या कचेरीत गेला तिचं नाव मी घेत नाही. उत्तर आलं, 'गाडी सरकारी व यंत्र खाजगी असल्याने त्यांचा परस्परांशी संबंध कसा, ते सिद्ध करावे.' आम्ही चित्र काढून पाठवलं. सव्वा वर्षाने कळवण्यात आलं की चित्र सुबक आहे. पुढे त्यांनी राजेसाहेबांकडून यंत्र मागवून घेतलं आणि वादग्रस्त वस्तू म्हणून नागपूरला दप्तरखान्यात कुलपात ठेवलं. त्या दिवशी निंबाने पेढे वाटले.

"अरे, जप्त झालं ते!" मी ओरडलो.

"पण गुरुजी, ते आहे एवढं तर सरकारनं मानलं ना?"

असे एकवीस अर्ज झाले. छप्पन साली आमच्या राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला हलली. दप्तर आवरताना ते यंत्र न्यायच्या यादीतही नव्हतं आणि ठेवायच्या यादीतही नव्हतं. तेव्हा कुणीतरी वैतागून ते सर्वांत जास्त अर्ज करणाऱ्याच्या पत्त्यावर पार्सल करून टाकलं.

निंबाने फुंकणी बसवली. शेठ म्हणाले, "सात वर्षं मी तो घाट पायी चढलोय, आता बसून मरायचं नाही मला. गुरुजी बसतील. गुरुजींनी पाहिलं म्हटलं, की मी मानलं." मी खोटं बोलत नाही अशी माझी गावात ख्याती होती. मागे सरकीची तीन पोती टाकली, पुढे मला बसवलं.

घाटाच्या पायथ्याशी निंबाने पाय दाबला. फुंकणी अशी काही किंचाळली, की माझी टोपी आणि माझं धैर्य एकदमच उडालं. मी डोळे गच्च मिटले आणि रामरक्षा म्हणायला लागलो. डोळे उघडले तेव्हा गाडी माथ्यावर उभी होती, आणि निंबा स्टिअरिंगच्या चाकावर डोकं टेकवून रडत होता.

"गुरुजी, पाह्यलं ना? कुठं अडकली का एकदा तरी?"

एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. "पाहिलं," मी म्हणालो. "एकूण एक वळण पाहिलं."

खाली येऊन शेठना मी तेच सांगितलं. शेठनी मानलं. लगेच म्हणाले, "आता ती फुंकणी काढून ठेव. फोपनारला भाचीचं लग्न आहे, एवढी पळणारी गाडी वरातीत काय कामाची?" निंबाने हसत हसत काढून ठेवली. त्याचं काम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पाटी चढली. स्टूल गोदाबाईने धरलं, भर रस्त्यात, डोक्यावरचा पदर सारखा करत. निंबाने नावाखाली पेंटरकडून एक ओळ वाढवून घेतली होती : 'भरली गाडी असीरगड घाट चढली. डोळ्यांनी पाहणारे : प्रभाकर गुरुजी.'

माझा शाळेचा रस्ता तिथूनच जातो. पाटी आली की मी अजूनही डोळे मिटून घेतो.