ग्रीक नाणं आणि सासऱ्यांचा बसलेला घसा

माझे सासरे शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांपुढे दर महिन्याला एक व्याख्यान द्यायचं त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. गेल्या हिवाळ्यात विषय होता ग्रीकांची सोन्याची नाणी. पंजाबपर्यंत धडकलेल्या त्या जगज्जेत्या राजाच्या नाण्याची नक्कलही त्यांनी ओळखीच्या सोनाराकडून करून घेतली होती. आत पितळ, वर सोन्याचा मुलामा. आणि नेमका त्याच दिवशी त्यांचा घसा बसला. बोलायला गेले की तोंडातून नुसती हवा.

त्यांनी माझ्यापुढे वही सरकवली. ‘आज तू बोल.’

मी यवतमाळची, नोकरी खराडीत, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. “अहो बाबा, मला यातलं काय कळतं?”

त्यांनी लिहिलं, ‘त्यांनाही कळत नाही. घाबरू नकोस.’

संध्याकाळी हॉलमध्ये तीसेक मंडळी जमली. सासरे पहिल्या रांगेत वही मांडीवर घेऊन बसले. मी त्यांची टिपणं वाचायला लागले. राजानं इराणचे खजिने जिंकले, ते सोनं वितळवून नाणी पाडली आणि सैन्याचे पगार भागवले. माझा आवाज मलाच परका वाटत होता. नाणं हातोहात फिरत होतं.

एक आजोबा नाणं डोळ्यांजवळ नेत म्हणाले, “राजा कुठाय यावर? ही तर बाई दिसते.”

“देवी आहे ती, शिरस्त्राण घातलेली. मागे पंखवाली विजयदेवता, आणि तिच्या शेजारी राजाचं नाव.”

“जग जिंकलं आणि नुसतं नाव? मग सत्ता कसली दाखवली?”

टिपणांत याचं उत्तर नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. ते लिहायला लागले, पण तेवढ्यात मीच बोलून गेले, “आमच्याकडे आमदार गावात कधी दिसत नाहीत, पण बसथांब्यावर त्यांचं नाव असतंच. हे नाणं म्हणजे त्या राजाचा फिरता बसथांबा. जिथं तो कधी गेलाच नाही, तिथंही शिपायाच्या कमरेला बांधून त्याचं नाव पोचलं. आणि वर देवी असल्यावर नको म्हणणार कोण?”

हॉलमध्ये हशा पिकला. मागच्या एका काकूंनी गळ्यातली नाण्यांसारख्या सोन्याच्या पुतळ्यांची माळ पुढे केली. “यांवरही माणसं आहेत गं. हे कुठले राजे?” सगळे माळेभोवती गोळा झाले आणि व्याख्यान संपलं ते तिथंच, चहाचे कप हातात घेऊन, काकूंच्या सासूबाईंच्या लग्नाच्या गोष्टीत.

घरी येताना मी विचारलं, “बाबा, कसं झालं?”

जिन्यातल्या दिव्याखाली उभं राहून त्यांनी लिहिलं, ‘तीन चुका. पण आज कुणी झोपलं नाही.’

चार दिवसांनी त्यांचा आवाज परत आला. सकाळी मी पोह्यांची बशी घेऊन टेबलाशी बसले, तर ते म्हणाले, “हं. चूक पहिली.” तिसऱ्या चुकीपर्यंत पोहे गार झाले आणि माझी ऑफिसची बस गेली. मी फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं आणि आणखी एक प्रश्न विचारला.