डावीकडे ओढणारी सायकल

सत्तरच्या दशकात वडिलांची कलकत्त्याला बदली झाली, तेव्हा पुण्याची सायकलही आमच्याबरोबर आली. बागबाजारला ट्रामच्या रुळात चाक अडकून वडील पडले आणि सायकलच्या फ्रेमची नळी मोडली.

नाक्यावरचा वेल्डर ती जोडून द्यायला तयार होता. पण दोन गल्ल्यांपलीकडे राहणारे मराठी काका फायबरग्लासच्या कारखान्यात साहेब होते. "पोलादाचा जमाना संपला," असं जाहीर करून त्यांनी काचेचं कापड आणि ते चिकटवायला रेझीनचा डबा आणला. आमच्या गॅलरीत बसून त्यांनी मोडक्या हाताला प्लास्टर घालावं तशा नळीला पट्ट्या गुंडाळल्या. दमट हवेत रेझीन वाळता वाळेना. वास मात्र आमटीपर्यंत पोचला.

आईनं विचारलं, "फ्रेम सरळ आहे ना?"

काका वडिलांकडे बघून हसले. "वहिनींना यातलं काय कळणार!"

जोड अगदी पक्का बसला, पण वाकडा. सायकल सारखी डावीकडे ओढायची. केंद्र सरकारचे अधिकारी असलेले वडील डाव्या पक्षांच्या नावानं रोज बोटं मोडायचे, त्यामुळे नाक्यावरच्या पानवाल्याची चंगळ झाली. "बाबू, आपकी साइकिल भी पार्टी में चली गई!" तो भर रस्त्यात ओरडायचा. काकांनी तर सगळा दोष वडिलांच्या बसण्याला दिला.

पुन्हा बदली झाली, तेव्हा आईनं ती सायकल हळदकुंकू लावून काकांनाच भेट दिली. "तुमच्याच हातची आहे, तुम्हीच चालवा," ती म्हणाली. काकांनी आभार मानले आणि सायकल हातात धरून ते पायीच घरी गेले.